मागाचा खडखडाट आणि अडतीस दिवसांचं बाळ

"मॅडम, याला दिवस-रात्र कळंना झालंय बगा. दिवसभर ढाराढूर झोपतंय आन् रात्री दोन वाजले की दुकान उघडतंय."

बाळाच्या पाजण्या-झोपेचा सल्ला घ्यायला माझ्याकडे आलेल्या आजी हे सांगत होत्या. बाळाची आई शेजारी गप्प बसून होती. एप्रिलचा शेवट, दुपारचे साडेबारा. या वेळेला सोलापुरात रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही आणि या दोघी रिक्षाला ओला टॉवेल बांधून पूर्व भागातून आल्या होत्या. बाळाला अंगडं, त्यावर दुपटं, त्यावर शाल, डोक्यावर कानटोपडं. गाल लालबुंद. काही विचारायच्या आधी मी टोपडं आणि शाल काढायला लावली. आजींना ते पटलं नाही. वारं लागेल म्हणाल्या. बाहेर बेचाळीस अंश होतं, वारं कुठलं लागणार! दोन मिनिटांत बाळाची किरकिर थांबली. पुढचा पाऊण तास आजी माझं ऐकून घेत होत्या, त्याचं श्रेय मी त्या टोपड्याला देते.

बाळ अडतीस दिवसांचं. पहिलटकरीण, माहेरी बाळंतपण. सासर बार्शीचं, नवरा पुण्यात कंपनीत. तक्रारी दोन होत्या. बाळ रात्री झोपत नाही आणि संध्याकाळी सातपासून अकरापर्यंत सारखं छातीशी लागतं. पंधरा मिनिटं पितं, डुलकी काढतं, पुन्हा रडतं. यावरून घरानं निकाल देऊन टाकला होता की दूध पुरत नाही. शेजारणीनं पावडरच्या दुधाचा डबा सुचवला. दहा दिवसांपासून रात्री अकराला एक बाटली सुरू होती आणि बाटलीनंतर बाळ तीन तास झोपायचं. घराला तेवढा पुरावा बास झाला.

"म्हणजे माझंच दूध कमी ना मॅडम?" आईनं तोंड उघडलं ते एवढंच विचारायला.

माझ्याकडे येणाऱ्या दर दहा नव्या आयांपैकी सात-आठजणी हाच प्रश्न घेऊन येतात. वेगवेगळ्या शब्दांत, पण प्रश्न हाच. मी उत्तर देत नाही, कार्ड मागते. माता-बाल संरक्षण कार्ड रिपोर्टांच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत सगळ्यात तळाला, सोनोग्राफीच्या फोटोंखाली होतं. त्यावर आशाताईंच्या हातची वजनं होती. आशाताई घरी येतात ते तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. दर वेळी वजन करतात, लिहून जातात. घरातलं कुणी ते पुन्हा बघत नाही.

जन्माचं वजन २.७०० किलो. चौदाव्या दिवशी २.७२०. अठ्ठाविसाव्या दिवशी ३.१५०.

"बाटली कधी सुरू केलीत?"

"आशाताई वजन करून गेल्या त्याच रात्री."

मी कागदावर गणित मांडलं. चौदा दिवसांत ४३० ग्रॅम, म्हणजे दिवसाला साधारण ३०. या वयात दिवसाला २० ते ३० ग्रॅम वाढ असली की बालरोगतज्ज्ञ खूश असतात. आणि या चौदा दिवसांत बाळाच्या पोटात आईच्या दुधाशिवाय एक थेंब गेलेला नव्हता. दूध पुरत होतं. कार्डावर लिहिलेलं होतं, फक्त कार्ड पिशवीच्या तळाशी होतं.

ती कागदाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "पण आता छाती पहिल्यासारखी जड होत नाही ओ. मऊ पडलीय." हेही नेहमीचं. सुरुवातीचे आठवडे शरीर अंदाजानं दूध बनवतं, म्हणून तडस लागते. महिना-सव्वा महिन्यात त्याला बाळाचा हिशोब कळतो आणि छाती मऊ राहते. पंप लावला तर पन्नासच मिलि निघतं, यावरूनही काही ठरत नाही, कारण बाळ पंपापेक्षा चांगलं ओढतं.

संध्याकाळचं ते सारखं सारखं पिणंसुद्धा रोग नव्हे. या वयाचं बाळ चोवीस तासांत आठ ते बारा वेळा पितं आणि त्यातल्या बऱ्याच पाळ्या संध्याकाळी एकमेकींना चिकटून येतात. सहाव्या आठवड्याच्या आसपास रडणंही सगळ्यात वाढलेलं असतं, नंतर उतरतं. हे बाळ नेमकं त्याच उंबरठ्यावर होतं. बाटलीमुळे एवढंच झालं की रात्री अकराची पाळी छातीची चुकली. दूध तयार करणारं संप्रेरक रात्रीच जास्त असतं, त्या वेळी मागणी थांबली की शरीर उत्पादन कमी करतं. बाळ भरपूर प्यायलं की दूध भरपूर. आणि पहाटे तीनला हिचं ब्लाउज भिजलेलं असायचं, हे तिनं स्वतःच सांगितलं. कमी दूधवालीचं ब्लाउज भिजतं का?

डबाही सोबत आणला होता. मी तो फिरवून आजींना एक ओळ दाखवली. आईचं दूध बाळासाठी सर्वोत्तम, हे वाक्य डब्यावर छापावंच लागतं, १९९२च्या कायद्यानं. आजी हसल्या, "विकणाराच सांगायलाय व्हय!" मग कळलं, घट्ट व्हावं म्हणून त्या चमचा शिगोशीग भरून वर चिमूटभर जास्त टाकत होत्या. या उन्हात तसं दूध बाळाच्या मूत्रपिंडावर भार टाकतं. शिवाय कित्येक भागांत नळाला काही दिवसांआड पाणी येतं, साठवलेल्या पाण्यात बाटली धुतली जाते. मला बाटलीची भीती वाटते ती दुधापेक्षा त्या पाण्यामुळे.

"मग उन्हाळ्यात पाणी तरी पाजायचं का न्हाई? घशाला कोरड पडंल की."

नाही, मावशी. आईच्या दुधात शंभरातले सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशी भाग पाणीच असतं. सहा महिने पाणी नको, बाळगुटी नको, बोंडल्यातून साखरपाणी नको, आणि मध तर वर्षभर नाही. पाणी बाळाच्या आईनं प्यायचं. सव्वा महिना पाणी मोजून देण्याची रीत मोडा, डिंकाचे लाडू आणि अळिवाची खीर खुशाल चालू ठेवा.

आता झोप. मी विचारलं, बाळ दिवसभर कुठं झोपतं?

बाळंतिणीची खोली आतली. एकच खिडकी, तीही बंद, गोणपाट लावलेली. सकाळी धुरी. दिवसभर अंधार. भिंतीपलीकडे तिच्या वडिलांचे दोन यंत्रमाग, सकाळपासून खडखडखडखड. रात्री नऊला माग बंद. मग ट्यूबलाइट लावायची, कारण बाळाजवळ अंधार करू नये म्हणतात. आजी बिड्या वळून झाल्या की टीव्हीसमोर, शेजारपाजार बाळ बघायला. पावणेदहाला बाबाचा पुण्याहून व्हिडिओ कॉल.

मी हसले तेव्हा दोघींना राग आला असावा. पण बघा ना, या बाळाला दिवसा अंधार आणि सुरेख एकसुरी आवाज मिळतो, रात्री लख्ख उजेड आणि माणसांची वर्दळ. त्यानं काय ठरवावं? जन्मलेल्या बाळाच्या अंगात घड्याळ नसतं, ते दोन-तीन महिन्यांत हळूहळू बसतं. उजेड कधी, अंधार कधी, यावरून ते शिकतं. आपण त्याला उलटं शिकवत होतो.

सांगितलं ते थोडकंच. सकाळी सहा ते साडेआठ, ऊन चढायच्या आत, गोणपाट काढून खिडकी उघडायची, बाळाला उजेडात पाजायचं, गप्पा मारायच्या. दिवसा माग चालू द्या, भांडी वाजू द्या. दिवसा तीन तासांवर सलग झोपलं तर उठवून पाजायचं. रात्री झिरोचा बल्ब, तोही पायांकडे. पाजायचं, लंगोट बदलायचा, एक शब्द बोलायचा नाही. निजवायचं पाठीवर, सपाट गादीवर. मोहरीची उशी नको, डोकं आपोआप गोल होतं. झोळी दिवसा डोळ्यांसमोर असेल तर ठीक, रात्री नको. शेगडी-धुरी बंद. आणि आजी, बाळाला घेण्याआधी तंबाखूचे हात साबणानं. हे शेवटचं मी जरा हळू सांगितलं, त्यांनी पटकन हात पदराखाली घेतले.

बाटलीचं बालरोगतज्ज्ञांशी बोलून ठरलं की ती एकदम बंद करायची आणि चार दिवसांनी वजन बघायचं. तोवर दूध पोचतंय हे ओळखायला शू मोजायची. चोवीस तासांत सहा किंवा जास्त ओले लंगोट, की चिंता नको. घरात लिहिणार कोण, हा प्रश्न आला. आजी म्हणाल्या, लिहायचं मला जमत नाही, गाठी मारते. बिडीचा धागा होताच. एक ओला लंगोट, एक गाठ.

वेळापत्रक मात्र दिलं नाही. बारा-तेरा वर्षांपूर्वी मी दर तीन तासांनी पाजण्याचा छापील कागद हातात द्यायचे. एका आईनं तो इतका मनावर घेतला की बाळ ओठ चाटत होतं, मूठ चोखत होतं, तरी ती घड्याळ बघत बसली. बाळ रडून दमून झोपायचं. तीन आठवड्यांत वजन जागचं हललं नाही. रडणं ही भुकेची शेवटची खूण असते, आधीच्या खुणा मी तिला शिकवल्याच नव्हत्या. कागद फाडला, पण ती आई अजून आठवते. हिच्या नवऱ्यानं मोबाइलवर ॲप घेतलं होतं, त्यात बाळाची झोप तेरा तास भरत होती आणि ॲप म्हणत होतं सोळा. मी त्याला फोनवर ते काढून टाकायला सांगितलं. तो इंजिनिअर आहे, त्याला वाईट वाटलं.

आजी पाणी प्यायला बाहेर गेल्या तेव्हा मी आईला विचारलं, "बाळ झोपलेलं असतं तेव्हा तुला झोप लागते का गं?"

"पडते ओ. पण कान पाळण्याकडंच." आणि ती रडायला लागली. सासूबाई रोज फोनवर सांगतात, माझ्या लेकाला मी महिन्यात रात्रभर झोपायला शिकवलं. (आठवणी अशाच असतात, पस्तीस वर्षांनी सगळी बाळं रात्रभर झोपलेली असतात.) मी तिला बाळंतपणानंतरची उदासी ओळखायची दहा प्रश्नांची तपासणी दिली. गुण काळजीच्या रेषेखाली होते, तरी दोन आठवड्यांनी पुन्हा घ्यायची ठरवली. संध्याकाळी सहाच्या आत तिचं जेवण-आंघोळ, आणि पहाटे पाचच्या पाजण्यानंतर बाळ आजींकडे, ती दोन तास दुसऱ्या खोलीत. मन फारच काळवंडलं, बाळाला काही करावं असं वाटलं, तर माझी वाट न बघता टेली-मानसचा, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा, १४४१६ लावायचा किंवा सरळ दवाखाना, हे आजींना ऐकू जाईल असं सांगितलं. बाळाचंही तसंच. तीन महिन्यांच्या आत ताप, ओढेनासं होणं, उठवूनही न उठणं, धाप, लंगोट कोरडे, तळहात-तळपाय पिवळे, यातलं काहीही दिसलं तर रात्र असो दिवस असो, थांबायचं नाही.

चार दिवसांत १२० ग्रॅम वाढले. मी फोनवर आकडा पुन्हा विचारला, बरोबर होता.

तीन आठवड्यांनी आल्या तेव्हा आजींनी कनवटीतून धागा काढला. नऊ गाठी, मोठी गाठ, आठ, मोठी गाठ, दहा. दिवसागणिक. बाळ अजूनही रात्री दोनदा उठत होतं, उठणारच, पण दहाला झोपून एकला उठायचं आणि पिऊन परत निजायचं. संध्याकाळचा गोंधळ निम्म्यावर. आई बोलत होती, आजी गप्प होत्या.

आता बार्शीला जायचं होतं. तिची नवी काळजी तयार होती. "तिकडं माग नाही ना मॅडम. तिथं दिवसा झोपंल का?"

आजींनी पिशवीतून मोबाइल काढला. आजोबांनी मागाचा आवाज भरून दिला होता, पाऊण तासाचा. मी लावून बघितला, खोली दणाणली. आवाज अगदी बारीक ठेवा आणि मोबाइल पाळण्यापासून लांब, एवढं सांगून मी पुढच्या बाईला आत बोलावलं.