लसीकरण समितीच्या मानद सदस्याला कायद्याचे संरक्षण किती?

प्रश्न : मी ठाण्यात घोडबंदर रोडवर बालरोगतज्ज्ञ म्हणून खासगी व्यवसाय करतो आणि लसीकरणानंतरच्या प्रतिकूल घटनांची चौकशी करणाऱ्या जिल्हा समितीवर मानद सदस्य आहे. पेंटाव्हॅलंट (पाच आजारांवरची एकत्रित) लस दिल्याच्या दुसऱ्या दिवशी दगावलेल्या बाळाच्या प्रकरणात आम्ही न्यूमोनिया हे संभाव्य कारण नोंदवले. आता पालकांच्या वकिलांनी मला व्यक्तिशः नोटीस पाठवून पंधरा दिवसांत भरपाई मागितली आहे; न दिल्यास निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याची आणि खोटा अहवाल दिल्याची फौजदारी तक्रार होणार आहे. मला संरक्षण आहे का? राजीनामा द्यावा का?

उत्तर : डॉक्टर, लसविषयक समित्यांच्या सदस्यांना सरसकट अभय देणारा स्वतंत्र कायदा आपल्याकडे नाही. साथरोग अधिनियम, १८९७ चे कलम ४ आणि आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ चे कलम ७३ ही सद्भावाने काम करणाऱ्यांना संरक्षण देणारी कलमे कोविडकाळात अनेकांच्या तोंडी होती. परंतु बालकांचे नियमित लसीकरण त्या कायद्यांखाली चालत नसल्याने त्यांच्यावर विसंबू नये.

निष्काळजीपणाने मृत्यूचा आरोप, म्हणजे भारतीय न्याय संहितेचे कलम १०६, मला टिकणारा वाटत नाही. त्यासाठी आरोपीच्या कृतीमुळेच मृत्यू ओढवलेला असावा लागतो आणि आपली समिती तर बाळ गेल्यानंतर बसली. खोट्या अहवालाचा आरोप मात्र गांभीर्याने घ्यावा.

इथे आपण कायद्याने लोकसेवक ठरता का हा प्रश्न येतो, म्हणून आपले नियुक्तीपत्र काढून नीट वाचा : सही कोणाची आहे, कोणत्या शासन निर्णयाचा हवाला आहे, बैठकीचे मानधन लिहिले आहे का. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे फौजदारी कार्यपद्धतीच्या कायद्याच्या, कलम २१८ प्रमाणे खटल्याआधी सरकारची पूर्वमंजुरी लागते, पण ती ज्यांना सरकारच्या मंजुरीशिवाय पदावरून दूर करता येत नाही अशाच लोकसेवकांसाठी; शिवाय सरकारने १२० दिवसांत निर्णय न दिल्यास मंजुरी मिळाली असे मानले जाते. जिल्हा पातळीवरच्या पत्राने नेमलेल्या खासगी डॉक्टरला हे कवच मिळेलच, असे मी सांगू शकत नाही. उलट, लोकसेवकाने जाणूनबुजून चुकीचा दस्तऐवज तयार करणे हा वेगळा गुन्हा असल्याने ‘मी लोकसेवक आहे’ हा बचाव दुधारी ठरतो.

आपली खरी ढाल म्हणजे सद्भाव. कायद्यात त्याचा अर्थ केवळ मन स्वच्छ असणे एवढाच नाही. योग्य दक्षता आणि लक्ष न देता केलेली गोष्ट सद्भावाने केली असे न्याय संहिता मानतच नाही. म्हणून शवविच्छेदनाचा अहवाल बैठकीत समोर होता का, लसीचा बॅच क्रमांक आणि शीतसाखळीची (लस योग्य थंडाव्यात ठेवल्याची) नोंद तपासली का, कोणी वेगळे मत दिले का, हे इतिवृत्तातून दिसले पाहिजे. इतिवृत्तात त्रुटी आढळली तरी आता एक अक्षरही बदलू नका. मागाहून केलेली दुरुस्ती सद्भावाचा दावाच संपवते.

नोटिशीची प्रत याच आठवड्यात सदस्य सचिवांना पोचपावतीसह द्या आणि सरकारी वकिलांमार्फत उत्तर देण्याची लेखी विनंती करा. व्यावसायिक विमा कंपनीलाही कळवा, मात्र आपल्या पॉलिसीत समितीचे काम येते का ते पाहा. बहुधा केवळ उपचारच येतात. पालकांशी फोनवर वाद घालू नका. मूल गमावलेल्या आईवडिलांना कारण विचारण्याचा पूर्ण अधिकार आहे आणि त्यांना मिळणारे उत्तर समितीचे, लेखी असावे.

राजीनाम्याने आधीच्या सहीची जबाबदारी पुसली जात नाही, कागदपत्रे पाहण्याची सोय मात्र जाते. तूर्त देऊ नका.