वाचकांचे प्रश्न : जहाजावरची बोलणी

प्रश्न : इंडोनेशियाच्या स्वातंत्र्यलढ्याच्या वेळी युनोने तीन देशांची कमिटी नेमली होती म्हणे, ती नेमकी कुणाच्या बाजूची होती? आणि तिचा काही उपयोग झाला का?

उत्तर : जुलै 1947 मध्ये इंडोनेशियाच्या जुन्या राज्यकर्त्या डचांनी तिथे लष्करी कारवाई सुरू केली तेव्हा भारत आणि ऑस्ट्रेलियाने हा विषय सुरक्षा परिषदेत नेला, मग कमिटी आली. डचांनी बेल्जियम निवडलं, इंडोनेशियाने ऑस्ट्रेलिया, आणि निवडलेल्या या दोन देशांनी मिळून अमेरिका. म्हणजे बाजू उघडच होत्या, खरा तोल अमेरिकेच्या हातात. बोलायला दोघांनाही चालेल अशी जागा हवी म्हणून जकार्ताजवळ उभं असलेलं रेनव्हिल नावाचं अमेरिकन जहाज घेतलं, तिथे 17 जानेवारी 1948 ला करार झाला. पण तो इंडोनेशियाला फार महाग पडला हो, डचांच्या ताब्यात गेलेल्या भागातून स्वतःचे सैनिक मागे घ्यावे लागले आणि त्यावरून तिथले पंतप्रधान अमीर शरीफुद्दीन यांचं सरकारच पडलं. एवढं सोसूनही डिसेंबरमध्ये डचांनी पुन्हा हल्ला केला आणि इंडोनेशियाचे अध्यक्ष सुकार्नो यांना पकडलं, हे वाचताना मला अजून राग येतो.

तरी कमिटी फुकट गेली असं मी म्हणणार नाही, कारण तिच्यामुळे प्रश्न युनोत जिवंत राहिला. जानेवारी 1949 मध्ये नेहरूंनी दिल्लीत परिषद भरवली, अमेरिकेनेही डचांवर मदतीच्या पैशांवरून दबाव आणला आणि 27 डिसेंबर 1949 ला डचांकडून इंडोनेशियाकडे सत्तांतर झालं. पश्चिम न्यू गिनी मात्र तेव्हाही डचांकडेच राहिलं.