पाहुण्यांची खोली हॉटेलसारखी कशी करू?

प्रश्न: ताई, आमचं इंदूरला राजवाड्याजवळ जुनं घर आहे, दिवाळीला नणंदबाई येतायत, खोली बुटीक हॉटेलसारखी करायचीय पण खर्च फार नको.

उत्तर: अगं, आधी ती ट्यूबलाइट बंद कर! पलंगाशेजारी 2700 केल्विनचा पिवळसर बल्ब असलेला छोटा लॅम्प ठेव, निम्मं काम तिथंच होतं. चादर पांढरी सुती, 200 ते 300 थ्रेड काउंट (म्हणजे चौरस इंचातले धागे) पुरे, चारही कोपरे गादीखाली घट्ट खोचायचे आणि पायथ्याशी बाग प्रिंटची दोहर (पातळ पांघरूण) घडी करून टाकायची, धार जिल्ह्यातल्या बाग गावचं ठशांच्या छपाईचं काम ते, तुमच्याकडे सहज मिळतं, मग बाहेरचं महागडं कशाला? जुन्या महेश्वरी साडीचे पडदे शिव, काठ खाली येऊ दे. कपाटावरच्या बॅगा मात्र हलवच. पाण्याचा तांब्या, मोबाइलचा चार्जर हाताशी.