रोबोट की दुर्बीण: माझा अनुभव आणि विम्यातल्या सब-लिमिटचा फटका

ताई, गर्भाशय काढल्यानंतर अकरा वर्षांनी आपल्या आईंचे अंग (योनीचा वरचा भाग) बाहेर येऊ लागले, एका डॉक्टरांनी रोबोटिक आणि दुसऱ्यांनी दुर्बिणीची शस्त्रक्रिया सुचवली, आणि दोन्हींच्या खर्चात दीड लाखाचा फरक आहे, हे वाचून मला माझेच तीन वर्षांपूर्वीचे रोबोटिक शस्त्रक्रियेचे दिवस आठवले. मी डॉक्टर नाही, केवळ रुग्ण आहे. व्यायाम, पेसरी (अंग आत धरून ठेवायला योनीत बसवायची कडी) वगैरे करून झाले असेल असे गृहीत धरते.

दोन्ही पद्धतींत आतले काम एकच असते: योनीचा वरचा भाग जाळीच्या पट्टीने त्रिकास्थीच्या (कण्याच्या तळाशी असलेल्या हाडाच्या) पुढच्या बाजूला बांधून वर उचलून धरायचा. छेदही तितकेच लहान. रोबोट स्वतःहून काही करत नाही. डॉक्टर शेजारच्या कन्सोलवर बसून त्याचे हात चालवतात, आणि ते हात मनगटासारखे वळत असल्यामुळे ओटीपोटात खोलवर टाके घालणे सोपे जाते. ही सोय शस्त्रक्रिया करणाऱ्याची आहे, रुग्णाची असेलच असे नाही. अमेरिकेतील क्लीव्हलँड क्लिनिक या रुग्णालयाचा ७८ स्त्रियांवरील अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात रोबोटिकला सरासरी ६७ मिनिटे अधिक लागली, खर्च वाढला, नंतरच्या काही आठवड्यांत वेदनाही जास्त होत्या, आणि वर्षभरानंतर आलेल्या गुणात मात्र फरक दिसला नाही. म्हणून माझे स्पष्ट मत असे, की यंत्र निवडू नये, हीच शस्त्रक्रिया वरचेवर करणारा हात निवडावा, मग त्या हाताला जे साधन सवयीचे असेल ते चालेल. (जाळीच्या नावाने नातेवाईक घाबरवतील. अमेरिकेत २०१९ मध्ये विक्री थांबवली गेली ती अंग बाहेर येण्यावर योनीमार्गे बसवायच्या जाळीची. पोटातून बसवायची ही जाळी त्यात नव्हती.)

मी फसले ते दुसरीकडेच. रुग्णालयाच्या विमा-कक्षातील बाईंनी ‘रोबोटिक पॉलिसीत बसते’ असे सांगितले, आणि विमा कंपनीच्या मंजुरीच्या पत्रातला ‘मंजूर’ एवढाच शब्द वाचून मी निर्धास्त झाले. त्यांचे बोलणे खोटेही नव्हते, कारण विमा नियामकाच्या २०१९ च्या नियमांनुसार कंपनीला रोबोटिक शस्त्रक्रिया वगळता येत नव्हती. मात्र तिच्यावर सब-लिमिट, म्हणजे त्या उपचारापुरती खर्चाची वेगळी कमाल मर्यादा, लावता येत होती. माझी पॉलिसी पाच लाखांची होती आणि रोबोटिकची मर्यादा एक लाखाची, हे मला घरी जायच्या दिवशी कळले. हेच काम दुर्बिणीने केले असते तर माझ्या पॉलिसीत ती मर्यादा लागलीच नसती. कक्ष म्हणाला कंपनीला विचारा, कंपनी म्हणाली रुग्णालयाने सांगायला हवे होते, आणि मुदत ठेव मोडून यजमान बिलाच्या खिडकीपाशी उभे राहिले. त्या कक्षाचा राग अजून गेलेला नाही.

तेव्हा दोन्ही पद्धतींचे लेखी अंदाजपत्रक घ्या, त्यात रोबोटच्या उपकरणांचे शुल्क वेगळे दाखवायला सांगा, आणि सब-लिमिट किती हे कंपनीला ई-मेलनेच विचारा. फोनवरचे उत्तर नंतर कोणीही मान्य करत नाही. आणखी एक: अंग वर ढकलून धरून खोकल्यावर लघवी गळते का, हे शस्त्रक्रियेपूर्वी तपासून घ्या, कारण काही जणींना छुपी गळती नंतरच कळते.

पॉलिसीतले ते कलम किचकट वाटले तर पॉलिसी क्रमांक झाकून येथे टाका, मी वाचून सांगेन.