पाठीवरच्या, खांद्यावरच्या पुटकुळ्या जातच नाहीयेत, फेब्रुवारीत लग्न आहे, काय करू?

वयाने मी मोठी आहे म्हणून सरळ तू म्हणते, चालेल ना? तू लिहिलंयस की चेहरा स्वच्छ आहे पण पाठ, खांदे आणि थोडं छातीवर दोन वर्षं पुटकुळ्या येतायत, चार साबण बदलून झाले, कडुनिंबाच्या पाल्याच्या पाण्याने आंघोळ करून झाली, मेडिकलमधून आणलेलं एक क्रीम लावलं की आठवडाभर बरं वाटतं आणि मग दुप्पट येतात, आणि लग्नातल्या ब्लाऊजला मागून खोल गळा हवाय पण हिंमत होत नाही. मी डॉक्टर नाहीये, पण वयाच्या एकोणिसाव्या वर्षापासून सव्वीसपर्यंत माझी पाठ अशीच होती आणि त्या सात वर्षांत जे जे चुकलं आणि जे जे लागू पडलं ते सगळं सांगते, म्हणजे तुझा तरी वेळ वाचेल.

सगळ्यात आधी ते क्रीम. आत्ता उठ आणि ट्यूबवर बारीक अक्षरात काय लिहिलंय ते बघ. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन यातलं काही दिसलं तर ते स्टिरॉइड आहे, बरेचदा त्यातच एक अँटिबायोटिक आणि एक फंगसचं औषध पण घातलेलं असतं. स्टिरॉइडने लाली आणि सूज पटकन उतरते म्हणून आठवडाभर बरं वाटतं, पण मूळ दुखणं तसंच राहतं, वर कातडी पातळ होते, स्ट्रेच मार्क्स उठतात, आणि स्टिरॉइडमुळेच नवीन पुटकुळ्या येतात त्या वेगळ्याच. मला पण हॉस्टेलजवळच्या मेडिकलमधून असंच एक मिळालं होतं, मी ते पाच महिने लावलं आणि डाव्या खांद्यावर पांढरट रेघा अजून आहेत. तू दोन-चार वेळाच लावलं असशील तर बंद करून टाक, पण महिनोन्महिने लावत असशील तर डॉक्टरला सांगून बंद कर, कारण अचानक सोडल्यावर कधीकधी एकदम उसळून येतं आणि माणूस घाबरून परत तेच लावतो.

आता हे होतं कशामुळे. घरी सगळे म्हणतात उष्णता वाढली, रक्त खराब झालं, आंघोळ नीट करत नाहीस. माझी आजी मला सब्जा आणि गुलकंद द्यायची, प्रेमाने द्यायची, आणि त्याने वाईट काहीच झालं नाही, पण पाठ तशीच राहिली. पाठीवर, खांद्यावर आणि छातीवर तेलाच्या ग्रंथी भरपूर असतात. वयात आल्यावर हार्मोन्समुळे त्या जास्त तेल सोडतात, त्याच वेळी केसाच्या छिद्राच्या आतली मेलेली कातडी नीट बाहेर पडत नाही, चिकटून तिथे बूच बसतं, आत तेल साठतं, आणि आपल्या सगळ्यांच्याच कातडीवर राहणारा क्युटिबॅक्टेरियम अ‍ॅक्नेस नावाचा जंतू त्या बंद जागेत वाढतो, मग शरीर त्याच्याशी भांडतं आणि ती लाल दुखरी गाठ होते. म्हणजे घाण वरच्या वर नसतेच मुळी, म्हणून कितीही घासलं तरी निघत नाही. उलट मी काथ्याने घासघासून पाठ लाल करायचे आणि त्याने आतली फुटायच्या बेतातली बुचं आतल्या आत फुटून मोठ्या गाठी व्हायच्या. काथ्या, वज्री, खरखरीत लूफा सगळं बंद, हात पोचेल तिथे हाताने आणि बाकी ठिकाणी मऊ पंचाने.

पण त्याच्याही आधी हे ठरवायला हवं की तुला जे आहे ते मुरुमं आहेत का. मला हे कळायला सगळ्यात जास्त वर्षं लागली म्हणून यावर जरा जास्त लिहिते.

हात मागे नेऊन, किंवा बहिणीला खिडकीच्या उजेडात फोटो काढायला सांगून नीट बघ. मुरुमं असतील तर सगळी एका मापाची नसतात, काही काळे ठिपके, काही पांढऱ्या बिया, काही लाल, काही पिकलेली, एखादी खोल दुखरी गाठ, अशी सगळी मिसळ असते आणि दुखतात जास्त, खाजतात कमी. याउलट सगळे दाणे साधारण एकसारखे, बारीक, काळे ठिपके अजिबात नाहीत, आणि घाम आला की खाज सुटते असं असेल तर ते बहुतेक फंगल आहे, मॅलॅसेझिया नावाच्या यीस्टमुळे होणारं केसांच्या मुळांचं इन्फेक्शन. केसातल्या कोंड्यामागे पण हेच यीस्ट असतं. त्याला तेल आणि घाम आवडतो, म्हणून आपल्याकडे उन्हाळ्यात आणि पावसाळ्याच्या दमट हवेत जोर करतं. दंडाच्या मागे कोंबडीच्या कातडीसारखे खरखरीत दाणे असतील तर ते केराटोसिस पिलारिस, ते निरुपद्रवी असतं. घामोळं काही दिवसांत आपोआप जातं, दोन वर्षं राहत नाही. आणि काखेत, जांघेत, स्तनांच्या खाली मोठे गळवासारखे फोड पुन्हापुन्हा त्याच जागी येत असतील, त्यातून पू येत असेल, तर त्याला केसतोड समजून पोटीस बांधत बसू नकोस, तो हिड्राडेनायटिस नावाचा वेगळा आजार असू शकतो आणि त्यावर जितके लवकर उपचार तितकं चांगलं.

माझ्याबाबतीत काय झालं, सुरुवातीला खरोखर मुरुमंच होती. स्किनच्या डॉक्टरने डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या दिल्या तीन महिने, छान फरक पडला. मग परत दोन-चार आल्या तर मी तीच चिठ्ठी दाखवून मेडिकलमधून गोळ्या आणत राहिले, जवळजवळ वर्षभर, कुणालाच न विचारता. अँटिबायोटिकने बॅक्टेरिया कमी होतात पण यीस्टला त्याचं काहीच नाही, उलट त्याला जागा मोकळी मिळते. वर्षाच्या शेवटी पाठभर बारीक खाजरे दाणे, आणि मी समजत होते मुरुमं वाढली म्हणून अजून गोळ्या. शेवटी दुसऱ्या डॉक्टरने एका दाण्यातलं थोडं खरवडून काचेवर घेतलं, मायक्रोस्कोपखाली बघितलं आणि सांगितलं की आत्ता जे आहे ते फंगल आहे. कीटोकोनाझोल दोन टक्क्यांचा शॅम्पू ओल्या पाठीवर लावून पाच मिनिटं ठेवून धुवायचा आणि सोबत फंगसच्या गोळ्यांचा छोटा कोर्स, तीन-चार आठवड्यांत खाज आणि दाणे दोन्ही गेले. मुरुमं आणि फंगल दोन्ही एकाच पाठीवर एकत्र पण असू शकतात, म्हणून एकदा तरी स्किनच्या एमडीकडून तपासून घे. खर्चाचं टेन्शन असेल तर सरकारी मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात त्वचारोगाची ओपीडी असते, केस पेपर काढून बसावं लागतं, सकाळ जाते, पण तपासणी व्यवस्थित होते.

समजा मुरुमंच निघाली, आणि फार खोल गाठी नाहीयेत, तर पाठीसाठी मला सगळ्यात उपयोगी पडलं ते बेंझॉइल पेरॉक्साइड. पाठीची कातडी चेहऱ्यापेक्षा जाड असते आणि जागा केवढी मोठी, त्यामुळे रात्रभर जेल चोपडून ठेवणं जमत पण नाही. त्यापेक्षा बेंझॉइल पेरॉक्साइडचा वॉश, किंवा वॉश नाही मिळाला तर जेल, आंघोळीच्या वेळी लावायचं, दोन ते पाच मिनिटं थांबायचं आणि नीट धुवून टाकायचं. सुरुवातीला दिवसाआड, कातडी कोरडी पडते थोडी. एक मात्र लक्षात ठेव, याने कपड्याचा रंग उडतो, डाग नाही पडत, रंगच जातो. आईने हौसेने दिलेल्या माझ्या सोलापुरी चादरीवर असे फिके धब्बे पडलेत, म्हणून पांढरा टॉवेल आणि पांढरा जुना टी-शर्ट ठेव वेगळा, आणि लग्नाच्या कपड्यांच्या जवळपास पण ते नको. काळे-पांढरे ठिपके जास्त असतील तर सॅलिसिलिक अ‍ॅसिड दोन टक्क्यांचा वॉश पण चालतो. रात्री अ‍ॅडापॅलीन जेल लावलं तर बुचं बनणंच कमी होतं, मात्र प्रेग्नन्सीत ते वापरत नाहीत, लग्नानंतर तसा विचार असेल तर डॉक्टरला आधी सांग. हात न पोचणाऱ्या जागेचं म्हणशील तर मी रूममेटकडून लावून घ्यायचे, पहिल्यांदा सांगताना घसा कोरडा पडला होता, तिने एका शब्दाने काही म्हटलं नाही. तू बहिणीला सांग.

आणि धीर धर, खरंच. आज वर दिसणारी पुटकुळी कित्येक आठवडे आधी आत सुरू झालेली असते, त्यामुळे आज सुरू केलेलं औषध उद्याच्या पुटकुळ्यांवर काम करतं, आजच्या नाही. सहा ते आठ आठवडे काहीच होत नाहीये असं वाटतं, बाराव्या आठवड्याच्या आसपास खरं कळतं. मी दर पंधरा दिवसांनी नवीन काहीतरी सुरू करायचे म्हणून मला कशाचाच उपयोग झाला नाही.

सवयींमधलं म्हणशील तर माझं मोठं कारण केसांचं तेल होतं. रविवारी रात्री खोबरेल तेल चोपडून वेणी घालायची, ती वेणी रात्रभर पाठीवर, उशीला तेल, गाऊनला तेल. तेल लावायचं तर धुवायच्या तासभर आधी लाव आणि केस वर बांध. कंडिशनर पण पाठीवरून वाहतं, म्हणून आधी केस धुवायचे, वर क्लिप लावायची आणि मग सगळ्यात शेवटी पाठ धुवायची. दुसरं म्हणजे सॅक. मी स्कूटीवर लॅपटॉपची सॅक पाठीला लावून रोज तासभर जायचे, तिच्या पट्ट्यांच्या बरोबर खाली पुटकुळ्यांच्या रांगा यायच्या, घर्षण, घाम आणि दाब याने अशा येतात. सॅक पायाशी ठेवायला लागले, घामाचे कपडे घरी आल्याआल्या बदलायला लागले, ब्रा सुती घेतली, तेवढ्यानेच खांद्यावरच्या निम्म्या गेल्या. खाण्याचं फार मनावर घेऊ नकोस, साखर, मैदा, बिस्किटं आणि व्हे प्रोटीन कमी केल्याने काहींना फरक पडतो, तळलेला एक वडा खाल्ला म्हणून पाठीवर पुटकुळी येत नाही.

पाळी वेळेवर येत नाही, हनुवटीवर जाड केस येतात असं काही असेल तर डॉक्टरला जरूर सांग, पीसीओएस, म्हणजे हार्मोन्स बिघडून होणारा पाळीचा त्रास, असेल तर नुसत्या वरून लावायच्या औषधाने भागत नाही.

खोल, दुखऱ्या गाठी असतील, खड्डे किंवा उंच वण पडत असतील तर घरगुती काही न करता थेट डॉक्टर. ते कदाचित डॉक्सिसायक्लिन देतील, ती गोळी भरपूर पाण्यासोबत घ्यायची आणि लगेच आडवं व्हायचं नाही, घशाखाली जळजळ होते, उन्हात पण जपायचं. नाहीतर आयसोट्रेटिनोइन. हे फार गुणकारी औषध आहे, पण प्रेग्नन्सीत बाळाला गंभीर व्यंग होऊ शकतं, त्यामुळे सुरू करायच्या आधी टेस्ट, चालू असताना पक्कं गर्भनिरोधन आणि बंद केल्यावर पण निदान महिनाभर, शिवाय लिव्हर आणि चरबीच्या रक्ततपासण्या. कोर्स बरेच महिने चालतो. तुझं लग्न फेब्रुवारीत आहे म्हणून हे मुद्दाम ठळकपणे सांगतेय, मैत्रिणीची चिठ्ठी दाखवून हे औषध कधीच आणू नकोस.

आता तारखांचं. आज ऑक्टोबर संपत आलाय, म्हणजे तुझ्या हातात साधारण साडेतीन महिने आहेत, या आठवड्यात डॉक्टरला दाखवलंस तर बारा आठवडे पूर्ण मिळतात. नवीन येणं जानेवारीपर्यंत बरंच थांबेल, पण काळे डाग उशिरा जातात, आपल्या सावळ्या-गव्हाळ कातडीवर तर कित्येक महिने लागतात, म्हणून फोडणं, खरवडणं आजपासून बंद. लग्नाआधी पार्लरमध्ये पाठीचं वॅक्सिंग आणि ब्लीच सुचवतील, अ‍ॅडापॅलीन किंवा आयसोट्रेटिनोइन चालू असताना वॅक्सिंगने कातडी सोलून निघू शकते, आणि नुसत्या वॅक्सिंगने पण केसांच्या मुळाशी नवीन दाणे उठतात, तेव्हा नकोच. लेझर, सुया, डाग घालवायची कुठलीही ट्रीटमेंट कुणी सुचवली तर आधी सांग की छातीवर, खांद्यावर कधी वण जाड होऊन उंच वाढलाय का, तिथे केलॉइड पटकन होतात. राहिलेले डाग मेकअपवाली त्या दिवशी झाकून देते, माझ्या चुलतबहिणीचे असेच झाकले होते आणि फोटोत शोधून पण सापडत नाहीत.

खाज सुटते की दुखतं एवढं मला कमेंटमध्ये कळव, म्हणजे अजून काही सुचलं तर सांगेन. आणि ब्लाऊजचं माप जानेवारीत दे, गळा तुला हवा तेवढा खोल सांग.