थायरॉइडची गोळी खरंच आयुष्यभर घ्यावी लागते का? आणि लग्न ठरवताना समोरच्यांना सांगावं का?

तुम्ही लिहिलंय की वय २६, टीएसएच (थायरॉइड ग्रंथी कमी पडली की रक्तात वाढतो तो हार्मोन) १८ आलाय, ५० मायक्रोग्रॅमची, म्हणजे एमसीजीची, गोळी सुरू झालीय आणि घरी स्थळं बघणं चालू आहे. मी कोल्हापूरची, मंगळवार पेठेत राहते, एका पतसंस्थेत काउंटरला बसते. ही गोळी माझ्या उशाशी बरीच वर्षं आहे. डॉक्टर नाही, त्यामुळे डोसचं तुमच्या डॉक्टरांनाच विचारा, बाकीचं सांगते.

हो, बहुतेकांना कायमची घ्यावी लागते. बाळंतपणानंतर काही जणींचा थायरॉइड बिघडतो आणि नंतर आपोआप सुधारतो, पण तो प्रकार वेगळा. "गोळीची सवय लागते" हे मात्र कुणी सांगितलं तर ऐकू नका. त्यात लेव्होथायरॉक्सिन असतं, म्हणजे गळ्यातली थायरॉइड ग्रंथी टी-फोर नावाचं जे हार्मोन बनवते तेच. ग्रंथीला पुरेसं बनवता येत नाही म्हणून बाहेरून भरायचं. चष्मा लावणाऱ्याला कुणी म्हणत नाही, की तुला चष्म्याची सवय लागली म्हणून.

मग मीठ बदलायला सांगणारे भेटतील. आपल्याकडे १९६२ साली सरकारने गलगंडाविरुद्ध कार्यक्रम सुरू केला, पुढे मिठात आयोडीन आलं, आणि आयोडीन कमी पडून होणारा आजार खूपच मागे हटला. आता आपल्यासारख्यांना बहुतेक वेळा असतो तो हाशिमोटो. १९१२ साली एका जपानी सर्जनने त्याचं वर्णन केलं, त्याच्याच नावाने ओळखतात. शरीराची प्रतिकारशक्तीच ग्रंथीवर उलटते. अँटी टीपीओ ही रक्ततपासणी त्यासाठीच करतात. यात जादा आयोडीन खाऊन फायदा तर नाहीच, झाला तर त्रासच होतो. कोबी-फ्लॉवरचं भूतही उगाच आहे. शिजवलेली भाजी नेहमीसारखी खा.

माझं निदान व्हायच्या आधी आवाज इतका जाड झाला होता, की फोन उचलला की पलीकडून यायचं, "साहेब, हप्ता उद्या भरला तर चालंल न्हवं?" मी "चालंल, या" म्हणून ठेवून द्यायची. ऐन मे महिन्यात मी काउंटरवरचा पंखा बंद करायची आणि शेजारचे कुलकर्णी तो परत चालू करायचे. पाळीत अंगावर इतकं जायचं की हिमोग्लोबिन उतरलं. घरात मात्र या सगळ्याला एकच नाव होतं, आळस. या आजारात ताप, प्लास्टर असं दाखवण्यासारखं सहसा काही नसतं, त्यामुळे रिपोर्टचा कागद पुढे ठेवेपर्यंत कुणाला पटत नाही. तुमच्या हातात कागद आहे, आईवडिलांना नीट बसवून वाचून दाखवा.

गोळी गिळायला दोन सेकंद लागतात. खरं जमवावं लागतं ते त्यानंतरच्या तासाचं. रिकाम्या पोटी, साध्या पाण्याबरोबर, आणि पुढे अर्धा तास, जमलं तर तासभर काही नाही. चहासुद्धा नाही. आमच्या घरात म्हशीचं दूध तापलं की पहिला चहा, आणि सासूबाईंची हाक, "अगं ये की, निवाय लागलाय!" चहाबरोबर गोळी घेतली तर ती अंगाला नीट लागत नाही, हे त्यांना पटायला वेळ गेला. मी बाटली आणि पाण्याचा तांब्या उशाशीच ठेवते. जाग आली की गोळी, मग नळाला पाणी आलेलं असतं ते भरायचं, आंघोळ, देवपूजा. तोवर तास निघून जातो. उपासाच्या दिवशी बंद करू नका, या गोळीला उपास तर सोयीचाच आहे! रात्री शेवटच्या जेवणानंतर तीन तासांनी घेतली तरी चालते, डॉक्टरांना विचारून. आमच्याकडे रविवारचा पांढरा रस्साच साडेदहाला वाढला जातो, त्यामुळे तो मार्ग मला बंद.

लोहाची किंवा कॅल्शियमची गोळी चालू असेल तर दोन्हींत चार तासांचं अंतर ठेवा. माझी लोहाची गोळी ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये असते, दुपारच्या डब्याच्या वेळेला घेते. बाटली गॅसजवळच्या फळीवर ठेवू नका, उष्णतेने औषध खराब होतं. थायरोनॉर्म असो वा एल्ट्रॉक्सिन, जी कंपनी चालू आहे तीच ठेवा. बदलली तर डॉक्टरांना सांगा. एखादा दिवस चुकला तर घाबरू नका, हे औषध अंगात आठवडाभर रेंगाळतं. त्याच कारणाने नव्या डोसचा परिणाम कळायलाही सहा-आठ आठवडे लागतात. चार दिवसांत फरक नाही म्हणून स्वतःहून डोस वाढवू नका. जास्त झाली की छातीत धडधड, हात थरथरणं, झोप उडणं सुरू होतं.

वजनाचं स्पष्ट सांगते. थायरॉइडमुळे वाढणारं वजन सहसा मोजक्या किलोंचं, आणि त्यातही बरंचसं अंगात साठलेलं पाणी. टीएसएच जाग्यावर आल्यावरही माझं जे उरलं ते दावणगिरी लोणी डोशाचं होतं. त्याला रंकाळ्याच्या फेऱ्याच लागल्या. तसंच, टीएसएच नॉर्मल असूनही थकवा राहिला तर हिमोग्लोबिन, बी-ट्वेल्व्ह, डी जीवनसत्त्व बघून घ्या. सगळं बिल थायरॉइडच्या नावावर फाडू नका.

आता लग्न. सांगा, आणि पहिल्या-दुसऱ्या भेटीतच सांगा. लपवून रोज पहाटे चोरून गोळी घेणं कुणाला जमलंय? माझ्या पुतणीने सांगितलं तेव्हा मुलाच्या आईने विचारलं, "किती एमसीजी?" बाई स्वतः ७५वर होत्या. एखादं घर एवढ्यावरून नाही म्हणालं तर म्हणू दे.

गोळी चालू असली, टीएसएच ताब्यात असला तर मूल होण्यात सहसा अडचण येत नाही. पण दिवस राहण्याआधी टीएसएच २.५च्या खाली आणायला डॉक्टर सांगतात, आणि पाळी चुकून टेस्ट पॉझिटिव्ह आली की त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जायचं. सुरुवातीचे महिने बाळ आईच्याच हार्मोनवर असतं, म्हणून डोस बहुधा वाढवावा लागतो. "पोटात बाळ आहे, औषधं बंद कर" असा सल्ला हमखास येईल. ही गोळी बंद करायची नाही.

तूर्त सहा-आठ आठवड्यांनी पुढची तपासणी करा. शक्यतो त्याच लॅबमध्ये, सकाळी, आणि रक्त देऊन मग गोळी घ्या. केसांसाठी बायोटिन चालू असेल तर दोन दिवस आधी थांबवा, त्याने रिपोर्ट चुकीचा येऊ शकतो.