चेहऱ्यावरचा उजेड ओळखताना

प्रश्न : माझ्या आजीचे वय ८४ वर्षे आहे. तिचे एक चांगले छायाचित्र घरात असावे, अशी मनापासून इच्छा आहे. मोबाइलने पुष्कळ फोटो काढले; पण नाक मोठे दिसते, डोळ्यांच्या खोबणी काळवंडतात आणि फोटो काढायचा म्हटले की आजी ताठ होऊन बसते. चांगला कॅमेरा घ्यावा का? छायाचित्रकाराची नजर कशी कमवावी?
— एक वाचक, महाल, नागपूर

उत्तर : कॅमेऱ्याची खरेदी तूर्त लांबणीवर टाकावी, कारण आपण सांगितलेल्या तक्रारींपैकी एकीचेही मूळ मोबाइलमध्ये नाही.

नाक मोठे दिसते ते अंतरामुळे. मोबाइल चेहऱ्यापासून एक फुटावर धरला, तर नाक बारा इंचांवर असते आणि कान साधारण सतरा इंचांवर. म्हणून जवळचे नाक फुगते आणि कान मागे सरकल्यासारखे दिसतात. तेच आपण सहा फुटांवर गेलात, तर बहात्तर आणि सत्त्याहत्तर इंचांत फरक तो किती राहणार? मागे जावे आणि दुप्पट झूम वापरावा.

डोळ्यांखालच्या काळोखाचा दोष उजेडाच्या दिशेचा आहे. आपल्या नागपुरात २६ मेच्या सुमारास मध्यान्हीचा सूर्य थेट डोक्यावर येतो, आणि त्याच्या आगेमागे कित्येक आठवडे दुपारचे ऊन इतके उभे पडते की भुवयांची सावली डोळ्यांवरच येते. म्हणून गच्ची आणि अंगण टाळून आजींना दाराच्या आत, उंबरठ्यापासून दोन-तीन हातांवर, चेहरा दाराकडे थोडा तिरपा ठेवून बसवावे आणि घरातली ट्यूबलाइट बंद करावी, म्हणजे दोन रंगांचे उजेड एकमेकांत मिसळणार नाहीत. डोळ्यांत दाराचा लहानसा उजळ चौकोन दिसू लागला की जागा जमली असे समजावे. लुगडे पांढरे असेल, तर कॅमेरा त्या पांढऱ्याला भुलून सगळे चित्र गडद करतो. तेव्हा स्क्रीनवर आजींच्या चेहऱ्याला बोट लावून उजेड किंचित वाढवावा.

ताठरपणाचा प्रश्न मात्र खरा अवघड आहे, आणि नजरेचा प्रश्नही त्यातच आला. मी माझ्या आईचे फोटो कित्येक वर्षे काढत होतो, आणि प्रत्येक वेळी "इकडे बघ" म्हणत होतो. एका सकाळी ती खिडकीजवळ ताटात तुरीची डाळ निवडत बसली होती. खडा सापडला की ती तो चिमटीत धरायची, बाजूला टाकायची आणि चष्म्याच्या वरून क्षणभर माझ्याकडे पाहायची. तिच्या कपाळावर तेव्हा एक बारीक आठी उमटायची. ते पाहणे मला लहानपणापासून ठाऊक होते, पण माझ्या एकाही फोटोत नव्हते. त्या दिवशी मी काही न बोलता पुढच्या खड्याची वाट पाहिली.

आपणही आठ दिवस मोबाइल न उचलता आजींकडे नुसते पाहावे. सकाळी आठला त्या कुठे बसतात, तिथे कोणत्या बाजूने उजेड येतो, ऐकताना मान कोणत्या खांद्याकडे कलते, हात कशाशी चाळा करतात, हे ध्यानात ठेवावे. नंतर त्यांच्या हाती नेहमीचे काम असतानाच, त्यांना सांगून, फोटो काढावा. लपूनछपून काढू नये. वृद्ध माणसाचा मान त्यात राहत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रश्न : व्यक्तिचित्रासाठी ८५ मिमीची लेन्स घ्यावीच लागते का? माझ्याकडे एपीएस-सी सेन्सरचा कॅमेरा आणि ५० मिमी, एफ/१.८ लेन्स आहे.
— एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : मुळीच नाही. आपल्या कॅमेऱ्याचा एपीएस-सी सेन्सर, म्हणजे चित्र टिपणारी पट्टी, पूर्ण चौकटीच्या (फुल फ्रेम) कॅमेऱ्यातल्या सेन्सरपेक्षा लहान असतो, म्हणून त्यावर ५० मिमीची लेन्स पूर्ण चौकटीच्या कॅमेऱ्यावरील ७५ ते ८० मिमीइतकेच दृश्य टिपते. एफ/१.८ वर, म्हणजे लेन्सचे छिद्र पूर्ण उघडे ठेवून, जवळून फोटो काढला, तर एक डोळा स्पष्ट आणि दुसरा धूसर होतो, तेव्हा एफ/२.८ किंवा एफ/४ हे लहान छिद्र वापरावे आणि फोकस कॅमेऱ्याजवळच्या डोळ्यावर ठेवावा. माणूस बोलत असेल, तर शटरचा वेग १/२५० सेकंदापेक्षा हळू ठेवू नये.